डेन्व्हर ते सलायना: नवा फ्युएल पंप बसवलेली सिल्व्हरॅडो आणि आय-70

युटामधलं ग्रीन रिव्हर सोडलं की आय-70 या अमेरिकन महामार्गावर थेट सलायनापर्यंत (हेही युटातलंच), सुमारे 110 मैल, पेट्रोल मिळत नाही. त्यामुळे टाकीतला फ्युएल पंप (पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा) नुकताच बदलला असेल तर गाडीची तपासणी त्याआधीच उरकावी. गाडी 1999 ते 2006 च्या पिढीतली शेव्हरले सिल्व्हरॅडो पिकअप, इंजिन 5.3 लिटर, टाकी 26 गॅलन.

डेन्व्हरपासून आयझेनहावर बोगद्यापर्यंत चढ आहे. बोगदा 11,000 फुटांच्या वर. सपाटीवर ठीक पळणारी गाडी इथे दम टाकत असेल, तर फ्युएल रेलवरच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) व्हॉल्व्हला प्रेशर गेज लावा. चावी फिरवल्यावर 55 ते 62 पीएसआय हवं, आणि लोडवरही ते पडता कामा नये. पडलं तर लगेच नव्या पंपाला दोष देऊ नका. पंप चालू ठेवून त्याच्या करड्या वायरवरचं व्होल्टेज बॅटरीशी ताडून पाहा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे दोष वायरिंगमध्ये. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हशी तशीच तपासा. चॅसीवरचा अर्थ रस्त्यावरच्या मिठाने गंजतो. जुन्या कनेक्टरच्या पिना जळून काळ्या पडतात. पंपासोबत आलेला नवा कनेक्टर जोडायचा कंटाळा केला, की नवा पंपही लवकर जातो.

पेट्रोलच्या काट्याची परीक्षा पुढे. ग्रँड जंक्शनला टाकी फुल करा, इंजिन बंद ठेवूनच. ग्रीन रिव्हर तिथून साधारण 100 मैल. गॅलनला 16 मैल धरले तर सहा-सव्वासहा गॅलन जातात, म्हणजे काटा पाऊण टाकीवर हवा.

काटा भलतंच दाखवत असेल तर जांभळी वायर पाहा. कनेक्टर सोडवून सेंडरचा (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मोजा: रिकाम्या टाकीला 40 ओहमच्या आसपास, भरलेल्या टाकीला 250. आकडा बरोबर आणि काटा चूक, तर दोष वायरमध्ये किंवा डॅशमध्ये. स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडांपैकी पी0461 म्हणजे आकडा अडकलेला, पी0462 म्हणजे सिग्नल फार कमी, पी0463 म्हणजे फार जास्त. काटा नेमका एकाच जागी थबकत असेल तर बहुधा मॉड्यूल (पंप आणि सेंडर एकत्र असलेला भाग) टाकीच्या भोकातून आत घालताना फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याचा, दांडा वाकलाय. 34 गॅलनच्या टाकीचं मॉड्यूल गळ्यात मारलं जाणं हेही नवं नाही. पार्ट नंबर ताडून घ्या.

मॉड्यूल पुन्हा उघडायचं झालं तर भरलेली टाकी खाली उतरवू नका. टेललाइटची वायर, हौद्याची (मागच्या मालाच्या पेटीची) अर्थ वायर, फिलर नळीचे स्क्रू आणि हौद्याचे बोल्ट सोडवून हौदाच तिरका करा. मॉड्यूलखालची ओ-रिंग (रबरी कडी) मात्र नवीच घाला, जुनी पेट्रोलने फुगलेली असते.

ग्रीन रिव्हरला परत टाकी फुल करा. भरलेले गॅलन आणि काटा जुळले नाहीत, पण प्रेशर पक्कं असेल, तर ट्रिप मीटर शून्यावर आणून निघायला हरकत नाही. प्रेशरच डळमळत असेल तर मुक्काम तिथेच. पुढच्या विश्रांतीस्थळांवर शौचालयं आहेत, पेट्रोल पंप नाहीत.