टाकीतलं शेवाळ

रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनारी खडकांवर पावसाळ्यात चढणारं शेवाळ डोळ्यांना सुखावतं. घरच्या 60 लिटरच्या, खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत मात्र केसांसारखं शेवाळ इतकं माजलं की मऊ प्रवाळं मिटूनच बसली. आज दगड एकेक काढून, टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासले. सुटलेला गाळ नळीने ओढला, 12 लिटर पाणी बदललं.

पण दुखणं वेगळंच होतं. आटलेल्या पाण्याची भर मी विहिरीच्या पाण्याने घालत होतो. तपासलं तर त्यात शेवाळ पोसणारं नायट्रेट! विहिरीला लागूनच आमची बाग, शेणखत झिरपणारच. आई म्हणाली, "अरे, खत घातलंस तर उगवणारच ना!"

आता आरओचंच पाणी, दिवा 10 ऐवजी 7 तास, माशांना चिमूटभर खाणं. संध्याकाळी एक प्रवाळ हळूच उघडलं. जेवायचं विसरून बघत बसलो.