माफीचा पत्ता

फडताळातले डबे खाली काढून त्यांच्याखालचा पेपर बदलायला घेतला की माझी दुपार गेलीच म्हणून समजा. ताज्या पेपरावरून मी नुसते डोळे फिरवते. पण तेलाचे डाग पडलेला, डब्याच्या बुडाचं वर्तुळ उमटलेला पेपर अक्षर न् अक्षर वाचते. भेळ संपल्यावर चटणीखालची बातमी वाचणाऱ्यांच्या कुळातली मी. बातमी मध्येच कापलेली असली तर गोडी आणखी वाढते.

त्या दुपारी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याखाली विल्यम कॅली निघाला. आतल्या पानावरची चार बोटांची बातमी. अमेरिकेच्या लष्करातला माजी लेफ्टनंट, वय वर्षे ८०, २०२४ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात वारला आणि जगाला ते कळलं जुलैच्या अखेरीस. तीन महिने कुणाच्या ध्यानातही आलं नाही. व्हिएतनाममधल्या माय लाय हत्याकांडात दोषी ठरलेला एकमेव माणूस. पुढचा मजकूर कात्रीत गेला होता. तिथून पुढे शेल्फाचा कोपरा सुरू होत होता.

गाजलेल्या माणसांच्या निधनाच्या बातम्या वाचताना माझी एक खोड आहे. ते ज्या वर्षी गाजले ते वर्ष मी घाईने ओलांडते आणि नंतरच्या वर्षांत रेंगाळते. पुढे काय केलं यांनी? भाजी कुठून आणली? शेजारी कोण होते? कॅलीचं पुढचं मला आधीपासून ठाऊक होतं आणि ते मनातून जात नाही. तो सराफ झाला. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी त्याच्या सासऱ्यांचं दागिन्यांचं दुकान होतं. तिथे तो बरीच वर्षं गिऱ्हाइकांना अंगठ्या दाखवत होता.

लहानपणी आजी मला कोल्हापुरात गुजरीत घेऊन जायची. पांढरीशुभ्र गादी, गुलाबी कागद, लाल-काळ्या गुंजा. आजीचे सराफ बांगडी हातात घेऊन नुसती फिरवायचे आणि तेवढ्यात त्यांना कळायचं, की ही मोडायला आणली आहे की गहाण ठेवायला, आणि घरात आजारपण आहे की लग्न. कळूनही ते बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळं ठाऊक असणं आणि तोंड मिटून घडणावळ सांगणं हाच त्यांचा धंदा. कोलंबसात हे उलटं झालं असणार. काचेच्या पलीकडे उभ्या माणसाने काय केलंय ते गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, आणि गिऱ्हाइकं तोंड मिटून अंगठीची किंमत विचारत होती. (इथे तराजूची उपमा हात जोडून उभी आहे. तिला मी घरी पाठवते.)

तोंड मिटून तरी का म्हणावं? त्यातल्या पुष्कळांना तो आपलाच वाटत होता. १६ मार्च १९६८ रोजी सकाळी क्वांग न्गाई प्रांतातल्या सोन मी गावात (माय लाय ही त्यातलीच वस्ती) कॅलीची तुकडी, चार्ली कंपनी, उतरली, ती शत्रूची पलटण सापडेल म्हणून. सापडल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं, चुलीवर चढवलेला सकाळचा भात. सैनिकांवर एकही गोळी झाडली गेली नाही. दुपारपर्यंत गावात क्वचितच कुणी उरलं. अमेरिकन लष्कराच्या हिशेबात मेलेल्यांचा आकडा ३४७. गावाच्या स्मारकावर ५०४ नावं आहेत. लष्कराने ही एक लढाई जिंकल्याची नोंद केली आणि दीड वर्ष ती तशीच राहिली. पुढे खटला झाला. २६ जणांवर आरोप ठेवले गेले आणि शिक्षा झाली एकट्या कॅलीला, किमान २२ माणसांच्या खुनासाठी जन्मठेप. मार्च १९७१ मध्ये तो निकाल लागला आणि अमेरिका खवळली ती त्याच्या बाजूने. त्याच्या नावाने निघालेल्या गाण्याच्या दहा लाखांवर तबकड्या खपल्या. जॉर्जियाचे तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी तर लोकांना भर दिवसा गाड्यांचे दिवे लावून फिरायला सांगितलं. पुढे शांततेचं नोबेल मिळालेले हेच ते कार्टर. राष्ट्राध्यक्ष निक्सनने कॅलीला तुरुंगातून काढून त्याच्या स्वतःच्या घरात नजरकैदेत ठेवलं. साडेतीन वर्षांत, १९७४ च्या अखेरीस, तो मोकळा झाला.

त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच: वरून हुकूम होता. वर कॅप्टन मेदिना. मेदिना म्हणाला, बायका-मुलांना मारा असं मी सांगितलंच नव्हतं, आणि तो निर्दोष सुटला. कॅलीच्या खाली पॉल मीडलो नावाचा विशीतला पोरगा. तो म्हणाला, मला कॅलीने सांगितलं. मीडलोचा पाय दुसऱ्याच दिवशी सुरुंगावर पडला आणि पाऊल उडालं. हेलिकॉप्टरमध्ये चढवताना तो कॅलीला ओरडून म्हणाला होता की देवाने मला शिक्षा केली, तुलाही करेल. १९६९ च्या नोव्हेंबरात टीव्हीवर त्याला विचारलं, बायका, पुरुष आणि लहान मुलं? तो म्हणाला, बायका, पुरुष आणि लहान मुलं. तान्ही बाळंसुद्धा? तो म्हणाला, हो, बाळंसुद्धा. आवाज चढला नाही, उतरला नाही. त्याची आई पत्रकारांना म्हणाली, मी त्यांच्याकडे एक चांगला मुलगा पाठवला होता, त्यांनी त्याचा खुनी केला.

मला नेहमी त्या बाईच्या वाक्यातला ‘त्यांनी’ खुपतो. खोटा आहे म्हणून नव्हे. खराच आहे. पण त्या ‘त्यांनी’त एकेक करून सगळेच बसत गेले आणि शेवटी बाहेर कुणीच उरलं नाही.

आमच्या शाळेत गणिताच्या बाईंची एक पद्धत होती. तुमच्याही शाळेत असणार. पाढा विचारायचा, ज्यांना येत नाही त्यांनी उभं राहायचं, ज्या मुलीला येईल तिने उभ्या असलेल्यांचं नाक डाव्या हाताने धरून उजव्या हाताने एकेक थोबाडीत द्यायची. तेराच्या पाढ्याला मी उभी होते. जिला आला ती माझी डबा वाटून खाणारी मैत्रीण. तिने गालाला हात नुसता लावला. बाई म्हणाल्या, “नीट मार, नाहीतर तिच्या शेजारी तूच उभी राहा.” दुसरी सणसणीत बसली. मी त्या मुलीशी वर्षभर बोलले नाही. बाईंच्या मात्र गुरुपौर्णिमेला पाया पडले, आणि आत एक कण विरोध जाणवला नाही. मारणाऱ्याला वरचा हुकूम दिसतो. मार खाणाऱ्याला हात दिसतो. बाकी तपशील मोठं झाल्यावर भरायचा.

तेराचा पाढा सोन मीच्या शेजारी ठेवायची लाज वाटते, म्हणून तो इथेच सोडते. एकच सांगायचं राहिलं: वर्गातल्या एका मुलीने मारायला नकार दिला होता. ती मुकाट्याने आमच्या रांगेत येऊन उभी राहिली. तिचं नाव आज वर्गातल्या कुणालाही आठवत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

सोन मीतही असे होते. काहींनी बंदूक उचललीच नाही. आणि वर आकाशात ह्यू थॉम्प्सन नावाचा हेलिकॉप्टरचा वैमानिक होता, बरोबर ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न. खाली काय चाललंय ते लक्षात आल्यावर थॉम्प्सनने हेलिकॉप्टर पळणारी माणसं आणि त्यांच्या मागे लागलेले सैनिक यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या दोघांना सांगितलं, यांनी गोळी झाडली तर तुम्ही यांच्यावर झाडा. ‘यांच्यावर’ म्हणजे आपल्याच सैन्यावर. खंदकभर प्रेतांत उतरून अँड्रिओटाने एक जिवंत मूल बाहेर काढलं. तीन आठवड्यांनी अँड्रिओटा लढाईत गेला. थॉम्प्सनला लष्कराने घाईघाईने पदक दिलं आणि सोबतच्या मानपत्रात लिहिलं की त्याने दोन्ही बाजूंच्या धुमश्चक्रीतून मुलाला वाचवलं. धुमश्चक्री नव्हतीच. त्याने ते पदक फेकून दिलं. पुढे तो साक्ष द्यायला उभा राहिला तेव्हा त्याला धमक्यांचे फोन आले, सकाळी दार उघडलं की पायरीवर मेलेली जनावरं टाकलेली असत. खरं मानपत्र मिळायला ३० वर्षं लागली.

आणि एक व्हर्नाडो सिम्प्सन, चार्ली कंपनीतलाच, त्या सकाळी मारणाऱ्यांतला. त्याला कुणी शिक्षा केली नाही. तो मिसिसिपीतल्या घरात पडदे ओढून, दारांना कुलपांवर कुलपं लावून बसून राहायचा. हत्याकांडाची चित्रं त्याने वहीत चिकटवून ठेवली होती. त्याचा दहा वर्षांचा मुलगा दारासमोर खेळताना एका भटक्या गोळीने गेला. पोराला मांडीवर घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यात मला तिथे मारलेल्या मुलाचा चेहरा दिसला, असं त्याने सांगितलं आहे. १९९७ साली त्याने स्वतःला संपवलं. याच्यावर मला काही लिहिता येत नाही. त्याचा पश्चात्ताप खरा होता की आजार होता, असं विचारणारे लोक असतात. मला तो प्रश्नच असभ्य वाटतो. पण पडदे ओढलेल्या त्या घरातून सोन मीपर्यंत काहीच पोचलं नाही, हेही तितकंच खरं.

कॅलीने माफी मागितली. २००९ च्या ऑगस्टमध्ये, घटनेला ४१ वर्षं झाल्यावर, कोलंबसमधल्या किवानिस या रोटरीसारख्या क्लबात एका मित्राच्या आग्रहावरून तो बोलायला उभा राहिला. त्या दिवसाबद्दल पश्चात्ताप वाटला नाही असा एक दिवस जात नाही, मला फार वाईट वाटतं, असं तो म्हणाला. कुणीतरी विचारलं, मग हुकूम मोडला का नाही? तो म्हणाला, मी साधा सेकंड लेफ्टनंट होतो, वरिष्ठाने सांगितलं ते केलं. मूर्खपणाने केलं, असं म्हणावं लागेल. सभासद उभे राहिले, टाळ्या वाजल्या.

टाळ्यांपाशी मी अडखळते. माफी मागितल्यावर समोरचे टाळ्या वाजवत असतील तर समोरचे चुकीचे आहेत.

यात कॅली काही पहिला नव्हे. शाळेत आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय, ‘कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाला पश्चात्ताप झाला’, दोन गुण. तो पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात आहे: दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख तिथेच मारली गेली, त्याच्या कित्येक पट नंतर मेली, आणि देवांच्या प्रिय राजाला याचं दुःख होतं. स्वतः केलेल्या संहाराचे आकडे स्वतःच दुःखाने दगडावर कोरून ठेवणारा दुसरा राजा मला माहीत नाही. (त्याच लेखात रानातल्या लोकांना हळूच बजावलंही आहे की राजाला वाईट वाटत असलं तरी त्याच्यात ताकद आहे, नीट राहा. राजाच तो.) हा लेख गिरनारला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, पार पेशावरकडे शाहबाजगढीला आहे. नाही तो नेमका कलिंगात. धौली आणि जौगड इथे अकरा, बारा आणि तेरा हे तीन लेख गाळले आहेत आणि त्यांच्या जागी वेगळे दोन लेख कोरले आहेत. त्यात राजा म्हणतो, सगळी माणसं माझी लेकरं आहेत.

आपल्या सोपाऱ्यालाही अशोकाचे लेख होते. आठव्याचा आणि नवव्याचा तुकडा सापडला. बाकीचे गेले, कुणाच्या पायाखाली, कुणाच्या भिंतीत. तेरावाही असणार, असा माझा अंदाज. सोपाऱ्याच्या बंदरावर माल उतरवणाऱ्या हमालाला राजाचं दुःख वाचून दाखवायची सोय होती. ज्याचा बाप मारला गेला त्या धौलीच्या शेतकऱ्याला नव्हती. तज्ज्ञ म्हणतात, जिंकलेल्या मुलखात जखम उकरू नये म्हणून असं केलं असावं. असेल. राज्य चालवायचं तर ते शहाणपणाचंच. पण जखम काही लेख वाचून कळणार नव्हती त्यांना.

१९९८ मध्ये थॉम्प्सन आणि कोलबर्न सोन मीला परत गेले. वाचलेल्या काही बायका भेटल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, ज्यांनी हे केलं ते तुमच्याबरोबर का नाही आले? थॉम्प्सनला ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला वाटलं, सूड हवा आहे हिला. मग तिने वाक्य पुरं केलं: आले असते तर आम्हाला त्यांना माफ करता आलं असतं. थॉम्प्सन पुढे जिथे जिथे हे सांगायचा तिथे कबूल करायचा की एवढं मन माझं नाही, मी त्यांना माफ करू शकत नाही.

दहा वर्षांनी चार्ली कंपनीतला एकजण खरंच गेला, त्या सकाळी आई आणि भावंडं गमावलेल्या माणसासमोर बसला. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं की आपण हुकूम पाळत होतो. समोरच्याला ते पुरलं नाही. न पुरो. निदान पत्ता बरोबर होता.

कोलंबसहून क्वांग न्गाईला जायला विमानं बदलत फार तर दोन दिवस लागत असतील. मोकळा झाल्यापासून मरेपर्यंत कॅलीकडे ४९ वर्षं होती.