बाहेरचे ज्ञान आणि घरची तयारी

उद्योजकांच्या बैठकीत तंत्रज्ञान हस्तांतराचा विषय निघाला की चर्चा बहुधा रॉयल्टीच्या टक्क्यांपाशीच घुटमळते. मिळालेले ज्ञान आपल्या कारखान्यात पेलणार कोण, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. म्हणूनच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘मेनआफ्रिव्हॅक’ लशीची हकीकत मला महत्त्वाची वाटते.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या मेनिन्गोकॉकस जिवाणूमुळे मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५ हजार माणसे दगावली. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने २००१ मध्ये लशीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी ही आफ्रिकी देशांना परवडणारी किंमत आधी ठरली आणि तीत बसणारा उत्पादक नंतर शोधला गेला. एवढ्या कमी नफ्यात बड्या पाश्चात्त्य कंपन्यांना रस नव्हता, याचे नवल वाटायला नको.

या लशीची कृती सीरमच्या घरची नव्हती. जिवाणूच्या आवरणातली शर्करा प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आली, तर शर्करा सुरुवातीला नेदरलँड्समधल्या ‘सिन्को’ कंपनीने पुरवली. मात्र ज्या प्रथिनाला ती जोडायची, ते धनुर्वाताचे टॉक्सॉईड (म्हणजे त्या जिवाणूचे निरुपद्रवी केलेले विष) सीरम वर्षानुवर्षे स्वतःच बनवत होती, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. प्रयोगशाळेत थोड्याशा प्रमाणात साधलेली जोडणी मोठ्या टाकीत, प्रत्येक बॅचला तशीच साधायची, तर शुद्धीकरणात हात मुरलेली माणसे आधीपासून पगारावर असावी लागतात. ती करारासोबत येत नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत या लशीची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातून ‘ए’ गटाचा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

पुढे २०१२ मध्ये सीरमने बिल्थोव्हेन बायोलॉजिकल्स ही डच कंपनीच विकत घेतली आणि टोचून देण्याच्या पोलिओ लशीचे ज्ञान माणसांसकट मिळवले. हा मार्ग अर्थातच खिसा खोल असणाऱ्यांचा. भोसरीतल्या लघुउद्योजकाने परदेशी ड्रॉइंग विकत घेण्याआधी, त्यावरचे टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, वाचून आपल्या मशीनवर ते कितपत निघेल हे सांगणारा एक तरी माणूस शॉप फ्लोअरवर आहे का, एवढे पाहिले तरी बरेच पैसे वाचतील.