हे झाड कोणी लावले?

मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला अगदी खेटून एक उंबर उभा आहे. तीन वर्षांपूर्वी जून महिन्यातल्या एका रविवारी पहिलीतल्या एका मुलीने त्याच्या बुंध्यावर हात ठेवून मला विचारले, "काकू, हे झाड कोणी लावलं?" इमारतीतल्या सर्वांत जुन्या रहिवासी आजींकडे चौकशी केली, तर त्या म्हणाल्या की ते कोणीच लावलेले नाही, ते आपले आपण आले. हे उत्तर त्या मुलीला मुळीच पटले नाही. झाड आपले आपण कसे येईल? त्या प्रश्नातून आमचा रविवारचा वर्ग सुरू झाला आणि पाच ते आठ वर्षांच्या दहा-बारा मुलांसह तो आजही त्याच झाडाखाली भरतो.

त्याआधी मीही मुलांना निसर्ग शिकवत होते, पण तक्त्यांवरून. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही अन्नसाखळी मुले कवितेसारखी म्हणून दाखवत. ध्रुवीय अस्वल काय खाते हे त्यांना ठाऊक होते, मात्र खिडकीत रोज येणारा कावळा रात्री कुठे झोपतो, हे एकालाही सांगता येत नव्हते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आमच्या उशाशी आहे, तरी जंगल म्हणजे बिबट्या आणि बिबट्या म्हणजे भीती, एवढाच त्यांच्या मनातला हिशेब होता. लहान मुलांना दूरचे आणि भव्य काही दाखवण्याआधी जवळचे एखादेच ठिकाण पुन्हा पुन्हा दाखवावे, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले. परिसंस्था हा शब्द मी पहिले वर्षभर उच्चारलाच नाही. "याला काय लागतं, आणि ते याला कोण देतं?" एवढाच प्रश्न आम्ही दर रविवारी झाडाला, मुंगीला, पाखराला लावत गेलो.

उंबर या कामासाठी इतका योग्य ठरेल, याची मला स्वतःलाही कल्पना नव्हती. फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, कारण ते कधी कोणाला दिसत नाही. मुलांनी हे घरी ऐकलेले होते, म्हणून आम्ही ते शोधायचे ठरवले. खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेले एक कच्चे, हिरवे उंबर मी मधोमध कापले आणि भिंगाखाली धरले. आपण ज्याला फळ म्हणतो ती एक बंद पिशवी असते, आणि तिच्या आतल्या बाजूने शेकडो सूक्ष्म फुले दाटीवाटीने बसलेली असतात. जे फूल कधीच दिसत नाही अशी म्हण आहे, ते शेकड्यांनी हातात आहे, हे कळल्यावर मुलांना झालेला आनंद शब्दांत सांगणे मला अवघड आहे.

पुढचा प्रश्न आपोआप आला. फुले आत कोंडलेली असतील, तर परागकण पोहोचवायला आत कोण जाणार? उंबराच्या टोकाला एक अतिशय चिंचोळे तोंड असते आणि त्यातून जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक मादी माशी आत घुसते. घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले परागकण इतर फुलांना देते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन झाल्यावर ते उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि बहुतेक सारे तिथेच संपतात. त्याच बोगद्यातून नव्या माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडून जातात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. दुसरे झाड किती लांब असेल, असे एकाने विचारले. आफ्रिकेतल्या नामिबियात उंबराच्या एका भाऊबंद झाडाच्या माश्यांनी वाऱ्यावर स्वार होऊन १६० किलोमीटरपर्यंत पराग नेल्याचे आढळले आहे, हे ऐकताच मुलांनी मुंबईपासून पुण्यापर्यंतचे अंतर नकाशावर मोजायला घेतले. ही माशी उंबराशिवाय वाढू शकत नाही आणि तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही, हे नाते मुले अवघ्या दोन रविवारांत समजली.

याच ठिकाणी एक नाजूक वळण येते. "म्हणजे ते सगळे मेले?" असे विचारताना एका मुलाचे डोळे भरून आले होते. अशा वेळी मोठी माणसे विषय बदलतात किंवा गोष्टीला गोड शेवट जोडतात. मी हो म्हटले, मेले, आणि त्यांची पिल्ले उडून गेली. मग आम्ही थोडा वेळ तसेच बसलो. निसर्गात एकाचे मरण दुसऱ्याच्या जगण्यात मिसळलेले असते, हे मुलांपासून लपवले तर आपण त्यांना केवळ एक सजावट शिकवतो. उंबराच्या तोंडाशी दबा धरून बसणाऱ्या लाल मुंग्या त्या माश्या पकडतात, तेव्हा मुंग्यांना 'वाईट' ठरवण्याची मुलांना घाई होते. मुंगीला काय लागते, असे विचारले की तीच मुले हळूहळू थांबतात.

पिकल्यावर झाडाचे रूप पालटते. दिवसा कोकिळ, बुलबुल आणि तांबट येतात. टुक्-टुक् असा तांब्याची भांडी ठोकल्यासारखा आवाज करणारा तांबट मुलांनी आधी कानांनी ओळखला आणि पानांत लपलेला दिसायला त्यांना आणखी महिना लागला. रात्री वटवाघळे येतात. ती फळाचा रस शोषून चोथा टाकून देतात आणि बारीक बिया त्यांच्या पोटातून तासाभराच्या आत उडता उडता बाहेर पडतात. सकाळी फरशीवर सापडणारा तो चोथा आता मुलांच्या दृष्टीने घाण नसून रात्रीच्या पाहुण्यांची खूण आहे. वडापिंपळाप्रमाणे उंबरही वर्षात वेगवेगळ्या वेळी फळतो, त्यामुळे इतर झाडे रिकामी असताना पाखरांना इथे आधार मिळतो.

गेल्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत एक वाळलेली फांदी कापली गेली. तिच्यात तांबटाने भोक कोरून घरटे केले होते आणि आत पिल्ले होती. वठलेली फांदी माणसांवर पडू शकते, म्हणून ती काढणे चुकीचे नव्हते. मात्र कापण्यापूर्वी कोणीही वर पाहिले नाही, आणि त्यात मीही आले. मुलांनी त्या दिवशी काहीच खेळले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात सोसायटीला एक अर्ज लिहिला: छाटणी करण्याआधी आम्हाला विचारा, कोणत्या फांदीत कोण राहतं ते आम्हाला माहीत आहे. यंदा खरोखरच त्यांना विचारण्यात आले आणि गाड्यांच्या जागेपासून दूर असलेला एक वाळका खुंट राखला गेला.

पृथ्वी बुडते आहे, जंगले संपत आहेत, असे सहा वर्षांच्या मुलांना सांगणारी भित्तिपत्रके मला अस्वस्थ करतात. ज्याच्याशी अजून ओळखही झालेली नाही, त्याच्या विनाशाचे ओझे इतक्या लहान खांद्यांवर का द्यावे? या मुलांना एका फांदीचे जाणे कळले, कारण त्या फांदीत कोण राहत होते हे त्यांना ठाऊक होते.

मागच्या जुलैमध्ये गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाच्या सांध्यात वीतभर उंचीचे एक रोप दिसले. पाने पाहून मुलांनी ते उंबराचेच असल्याचे ठरवले. भिंतीला तडा जाईल म्हणून ते काढावे लागणार होते. आम्ही ते मुळांसकट हलकेच सोडवून कुंडीत लावले. त्यानंतर वाद सुरू झाला. काही म्हणाले, हे तांबटाने लावले. काहींचे मत पडले, वटवाघळाने. तीन वर्षांपूर्वी प्रश्न विचारणारी मुलगी आता चौथीत आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग कुंडीतली माती दाबता दाबता म्हणाली, "पण त्याच्याही आधी माशीने."

कुंडी सध्या आजींच्या व्हरांड्यात आहे. तिला पाणी घालण्याचे वार मुलांनी आपसांत वाटून घेतले आहेत.