फोनच्या रजिस्टरातून निघालेली वेबसाइट

आमचं मूळ दुकान डीटीपीचं. १९९० साली जळगावात विद्यापीठ झालं (२०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे) आणि पुढे प्रबंध टाइप करणाऱ्यांना बरे दिवस आले. आम्ही त्यातलेच. पत्रिका, पावतीपुस्तकं, प्रबंध. मग सराफांच्या, केळी व्यापाऱ्यांच्या वेबसाइट. कस लागला तो खानदेशाबाहेरच्या एका विद्यापीठातल्या विभागाच्या कामात.

पहिल्या बैठकीत सगळे प्राध्यापक. वर प्रमुखांचा फोटो, मग मनोगत, मग विभागाचा इतिहास, सूचना तळाला सरकत्या पट्टीत. आम्ही निमूट तसं करून नेलं. कार्यालयातले लिपिक नाना मूळचे अमळनेरचे. स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाले, "भाऊ, हाऊ फोटो कोनासाठे शे?" अहिराणी कानावर पडली आणि मी खुर्ची ओढून बसलोच.

नानांकडे फोनचं रजिस्टर होतं: कोण, कुठून, कशासाठी. दोन दिवस तेच वाचलं. शेवटची तारीख कोणती? वसतिगृह मिळेल का? जातवैधतेची नुसती पावती चालेल का? जुन्या विद्यार्थ्यांना ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) हवं, बाहेरच्या संशोधकांना उपकरणाचे दर. मनोगतासाठी एकही फोन नव्हता.

नवं पहिलं पान त्यावरूनच मांडलं: 'प्रवेश घ्यायचाय', 'इथे शिकतोय', 'शिकून गेलोय', 'संशोधनासाठी'. पालकांचं वेगळं दार करणार होतो, नानांनी थांबवलं. ते तर मुलाच्याच मोबाइलवर बघतात. नॅकचे (विद्यापीठं-महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) सात निकष, दरवर्षीचा एक्यूएआर (त्यांना द्यायचा गुणवत्ता अहवाल) हे तपासणी समितीसाठी, म्हणून त्याची खोली वेगळी. फोटो 'विभागाविषयी'त गेला. प्रमुख आठवडाभर आमच्याशी मोजकंच बोलले.

खरं घाम काढणारं काम सूचनांचं. निम्म्या स्कॅन केलेल्या, म्हणजे नुसतं चित्र: शोधता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचायला काही नाही, वर फाइल जड. उरलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या. त्या फॉन्टांत मराठी अक्षरामागे इंग्रजी अक्षराचा क्रमांक दडलेला असतो. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजीची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. म्हणून सगळं त्यात आणायचं होतं. त्यासाठी कन्व्हर्टर होता, पण रफार आणि जोडाक्षरं तो हमखास चुकवतो. इथे प्रबंधांवर घासलेले डोळे कामी आले.

शेवटची चाचणी सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी. रेंजसाठी अंगणाच्या कडेला उभं राहावं लागलं. मजकूर आला, वरची फिरती चित्रं काही येईनात. तिथूनच ऑफिसला फोन करून ती काढायला लावली.

आता सूचना नाना स्वतः टाइप करून चढवतात, अडलं की आम्हाला फोन. बिल मात्र मार्चअखेरीस निघालं. तोवर रावेरकडच्या व्यापाऱ्यांच्या पावतीपुस्तकांवरच पगार भागवले.