गावातली झाडं कायद्याने राखताना: उत्तर सोलापुरातला माझा अनुभव

झाडावर कुऱ्हाड पडली की बहुतेक जण पहिला अर्ज चुकीच्या कायद्याखाली देतात. 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आणि त्यातली 2021 ची हेरिटेज वृक्षाची (50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाची) दुरुस्ती नागरी क्षेत्रापुरतीच आहे. सोलापूर महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत त्या कायद्याखालचा अर्ज फेटाळला जातो, आणि तोवर बुंधा वखारीत पोचलेला असतो.

खेड्यात 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागतो. पण तो अनुसूचीतल्या जातींनाच: साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह वगैरे. आपल्याकडच्या माळावरचे कडुलिंब, बाभूळ, वड, पिंपळ त्यात नाहीत. शेतातली चिंच तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, शेजारच्या जुन्या वडाला या कायद्याचा आधार नाही. ही उणीव मला फार खुपते.

म्हणून आम्ही झाडाआधी जमीन कुणाची ते पाहायला लागलो. सातबारा काढायचा, जागा सरकारी असेल तर तलाठ्याकडे गाव नमुना 1-ब, म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही, पाहायचा. खातेदाराच्या जमिनीतलं झाड सहसा त्याचंच. गायरानातलं किंवा रस्त्याकडेचं झाड मात्र कुणा एकाचं नसतं. रस्ता बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की ग्रामपंचायतीचा, हे लेखी विचारून घ्यावं. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

मग ग्रामपंचायतीचा नमुना 33, म्हणजे वृक्ष नोंदवही. हा बहुतेक ठिकाणी कोराच असतो. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, गट नंबर, जमिनीपासून 1.37 मीटरवरचा घेर आणि अक्षांश-रेखांश दिसणारा फोटो एवढं भरलं की झाड कागदावर आलं. उतारावर माप वरच्या बाजूने घ्यायचं, आणि वडाच्या पारंब्या घेरात धरायच्या नाहीत. तीच यादी गावच्या जैवविविधता समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही (गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदींची वही) चढवावी. बांधावरची झाडं शेतकऱ्याला ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदीत) स्वतः नोंदवता येतात.

यादीला ग्रामसभेचा ठराव जोडावा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ठरावात नुसतं ‘झाडे जपावीत’ लिहिलं तर उपयोग शून्य. झाडांचे क्रमांक लिहा, आणि ग्रामपंचायतीच्या जागेतली फांदीसुद्धा ग्रामसभेला विचारल्याशिवाय छाटायची नाही असं स्पष्ट लिहा. तारेला लागलेल्या फांद्या काढायच्या नावाखाली अख्खं झाड जातं, तेही सुट्टीच्या दिवशी.

तोड सुरू असेल तर 112 ला फोन करा आणि तलाठ्याकडून पंचनामा मागा. बुडख्याचा घेर टेप लावून, फोटोसह त्याच दिवशी घ्या. जेसीबीने बुडखा उपटून खड्डा बुजवला की तिथं झाड होतं हेच सिद्ध करावं लागतं. पाचट पेटवून बांधावरचा लिंब होरपळवला असेल तर सालीचा काळा पट्टा जवळून टिपा. पुढे ‘आपोआप वाळला’ असं सांगितलं जातं.

रस्ता रुंदीकरणात हरकत आखणीच्या वेळीच द्यावी लागते. रत्नागिरी–नागपूर महामार्गावर सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या वडासाठी 2020 मध्ये आराखडा बदलला गेला, हा दाखला अर्जात जोडावा. आखणी पक्की झाली असेल तर पुनर्रोपण मागा. वड ते सोसतो, पण उन्हाळ्यात उचलू देऊ नका, पावसाच्या तोंडावर उचलायला लावा.