पेर लाशेझची भिंत

आयफेल, लूव्र, सेन नदीतली बोट, सगळं झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एका भिंतीबद्दल.

त्या सकाळी आम्ही माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर हे चर्च बघायला गेलो. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही, त्यात मनगटाला दोरे बांधून पैसे मागणारे. वाटाड्यानं फोटोची जागा दाखवली आणि निघाला. मला राग आला. प्रशियाकडून हरलेल्या पॅरिसच्या तोफा याच टेकडीवर होत्या. लोकांनी वर्गणी काढून त्या ओतवल्या होत्या. १८ मार्च १८७१ ला सरकार त्या न्यायला आलं, तेव्हा वस्तीतल्या बायका आडव्या आल्या, सैनिकांनी गोळ्या झाडायला नकार दिला, जमावानं दोन सेनापतींना ठार मारलं आणि त्यातून कम्यून, म्हणजे पॅरिसच्या बंडखोर लोकांचं स्वतःचं सरकार, उभं राहिलं. देशाचं प्रायश्चित्त म्हणून १८७५ मध्ये इथंच या चर्चची पायाभरणी झाली. चर्चखालच्या बागेला मात्र कम्यूनमध्ये लढलेल्या शिक्षिकेचं, लुईझ मिशेलचं नाव आहे!

तिथून मेट्रोची २ नंबरची लाइन थेट पेर लाशेझ दफनभूमीला जाते. रॉक गायक जिम मॉरिसनच्या थडग्यापाशी रेटारेटी होती. भिंत पार दुसऱ्या टोकाला, चढावर. तिथं आम्ही दोघंच.

साधी दगडी भिंत. ‘कम्यूनच्या मृतांना, २१ ते २८ मे १८७१’ एवढीच पाटी, खाली ताजी लाल फुलं. मेच्या त्या रक्तरंजित आठवड्यात सरकारी सैन्यानं कम्यून चिरडलं आणि शेवटी त्याच्या १४७ जणांना इथं उभं करून गोळ्या घातल्या. मारणारेही फ्रेंच, मरणारेही फ्रेंच. बायकोनं माझा हात धरला. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

समोर नाझी छळछावण्यांत मेलेल्यांची स्मारकं आहेत. आणि ज्याच्या सरकारनं कम्यून चिरडलं, त्या आडॉल्फ तिएरची भव्य कबरही याच दफनभूमीत! मला हा देश इथं कळला. त्यांनी भांडण मिटवून टाकलं नाही, दोन्ही बाजू जपून ठेवल्या. १८८० च्या जुलैत त्यांनी कम्यूनवाल्यांना माफी दिली आणि त्याच महिन्यात १४ जुलै राष्ट्रीय सण ठरवला. पॅरिसमध्ये आजही लोक हक्कानं रस्त्यावर उतरतात. आमच्या मुक्कामातही एका मोर्चामुळे बस बंद होती. हॉटेलवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "चालत जा, त्यांचं म्हणणं बरोबर आहे."